अल्बिनाचं सपाट छत

अल्बिना कोझेलला छतांचं वेड वगैरे नव्हतं. संसारी बाईला मान वर करून बघायला वेळ कुठे असतो? पण एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलं की डोक्यावरचं आपोआप पाठ होतं. जमिनींच्या नोंदींच्या सरकारी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून दुसरं टेबल तिचं. वर पत्र्याच्या पांढऱ्या पट्ट्यांची जाळी आणि त्या जाळीत ठेवलेले भोकाभोकांचे चौकोन. फोनवर कुणी "थांबा हं जरा" म्हणून ताटकळत ठेवलं की ती भोकं मोजायला लागायची. पुरी कधीच मोजून झाली नाहीत. दीडशेपर्यंत पोचली की माणूस परत फोनवर यायचा. तिच्या बरोबर डोक्यावरच्या चौकोनावर एक तपकिरी डाग होता. इकडून बघितलं तर अंड्यांवर बसलेली कोंबडी, तिकडून बघितलं तर तिचा साहेब.

निवृत्त झाली त्या दिवशी केक कापताना मैत्रिणींनी विचारलं, "आता काय करणार गं?"

"काय करायचंय? पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, मला पुराल तेव्हा पेटीचं झाकण सपाट ठेवा. वर चौकोन दिसले तर उठून घरी जाईन."

सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करते.

तिचा नवरा लुई प्लंबर. क्लीव्हलँडच्या पूर्वेला, तलावाच्या बाजूच्या त्या सगळ्या वस्तीत एक घर असं नव्हतं की ज्याच्या मोरीखाली लुईचं डोकं गेलं नव्हतं. माणूस कामाला देवासारखा, आणि घरी येताना रोज काहीतरी उचलून आणायचा. लोक न्हाणीघर नवं करायचे, जुनं फेकायचे. लुईला ते फेकणं बघवायचं नाही. त्यामुळे कोझेलांचं घर म्हणजे लोकांनी टाकलेल्या वस्तूंचं माहेर झालं होतं. टब गुलाबी, एका दातांच्या डॉक्टरच्या बायकोला नकोसा झालेला. बेसिन हिरवं. स्वयंपाकघरातलं सिंक बंद पडलेल्या शाळेतलं, एवढं थोरलं की पॉला, त्यांची मुलगी, तीन वर्षांची होईपर्यंत त्यातच आंघोळ करायची. जेवणाच्या टेबलावरचा दिवा अंत्यविधीच्या दुकानातून आलेला. त्याचा उजेड जरा मान खाली घालून पडायचा.

"फुकट आहे अल्बिना, आणि चांगलं आहे," लुई म्हणायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या असायच्या, म्हणून भांडताही यायचं नाही.

घर सासऱ्याने पसंत केलेलं. पडदे नणंदेचे. खोटं कशाला बोला, नवरा तेवढा तिने स्वतः निवडला होता. चर्चच्या सभागृहात बटणांची पेटी, म्हणजे ॲकॉर्डियन, वाजवत होता, मान हलवून हलवून, आणि एक सूर चुकला की आपणच हसत होता. तिने त्याला निवडलं आणि तिथे तिचं निवडायचं काम जे संपलं, ते चव्वेचाळीस वर्षं संपलेलंच राहिलं.

त्यांच्या आळीत एक रीत होती. स्लोव्हेनियाहून आलेल्या म्हाताऱ्यांनी ती पाडली आणि पुढे सगळ्यांनी चालवली. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायचं, खरा स्वयंपाक खाली तळघरात. वरच्या शेगडीवर कोझेलांकडे दोन शोभेच्या कुंड्या ठेवलेल्या. खाली दुसरी शेगडी, कपडे धुवायचं यंत्र, भट्टी, दारूची दोन पिंपं, आणि मोडीत निघालेल्या बोलिंगच्या खेळघरातून लुईने आणलेली लांबलचक लाकडी पट्टी. तिला पाय ठोकले की झालं टेबल. गुळगुळीत. त्या टेबलासारखं टेबल अख्ख्या चर्चमध्ये कुणाकडे नव्हतं, त्यामुळे नाताळाच्या विक्रीसाठीच्या पोतीत्सा अल्बिनाकडेच व्हायच्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सात-आठ बायका तीन दिवस यायच्या, पीठ लाटून लाटून वर्तमानपत्रासारखं पातळ करायच्या, अक्रोडाचं सारण पसरून गुंडाळायच्या आणि त्या गुंडाळ्या भाजायच्या.

आणि वर छत नव्हतं. उघड्या तुळया, तुळयांच्या मधून नळ, वायरी, गरम हवेचे पत्र्याचे बोगदे आणि सासऱ्याच्या वेळची जळमटं. वरून कुणी चाललं की धूळ खाली. पिठाच्या दिवसांत अल्बिना तुळयांना खिळे मारून एक जुनी फुलाफुलांची चादर ताणून बांधायची. दर वर्षी कोणीतरी नवीन बाई वर बघून म्हणायची, "अय्या, किती छान! तंबूसारखं!" आणि अल्बिना म्हणायची, "हो ना. सर्कस आहे."

तर लुईही निवृत्त झाला. दुसरा गुडघा बदलून झाला, आणि मार्च महिन्यात एका सकाळी कॉफी पिता पिता तो म्हणाला, "अल्बिना, तळघर पुरं करू या. भिंती, फरशी, छत. सगळं."

तिच्या हातातली बशी तशीच राहिली. "छतसुद्धा?"

"छतसुद्धा."

"लुई," ती म्हणाली, आणि मग जे म्हणायचं ते तिने चव्वेचाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. "छत मी निवडणार."

"बरं," लुई म्हणाला. पण प्लंबरचं "बरं" म्हणजे पुढचा विचार चालू झालेला असतो, हे तिला माहीत असायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी ती बाजारातून परत आली तर अंगणात फ्रँकचा टेम्पो. फ्रँक झालोकर, लुईचा जिवलग, सुतार, सहा फूट तीन इंच. दोघं हसत हसत टेम्पोतून काहीतरी उतरवत होते. पांढरे गठ्ठे, दोरीने बांधलेले.

"डोळे मीट," लुई म्हणाला.

"पिशव्या घेऊन डोळे कसे मिटू? काय आहे ते सांग."

"तुझं छत! अगं, तुझ्या कचेरीचा तिसरा मजला नवा करतायत. सगळं काढून टाकत होते. फ्रँकच्या भाच्याकडे काम आहे. म्हटलं, कशाला वाया घालवता? नवं असतं तर पंचाईत, पण हे तर तुझ्या ओळखीचं!" त्याचा चेहरा असा उजळला होता, जणू त्याने तिला मोत्यांची माळच आणली आहे. "तुला घरच्यासारखं वाटेल."

अल्बिनाने पिशव्या खाली ठेवल्या. सगळ्यात वरच्या चौकोनावर कोंबडी बसलेली होती.

तिने पिशव्या उचलल्या, आत गेली आणि अंडी फ्रीजमध्ये एकेक करून, अगदी सावकाश लावली.

फ्रँक म्हणाला, "आवडलं नाही वाटतं."

लुई म्हणाला, "भारावली असेल."

दोन दिवस भारावलेलीच होती. तिसऱ्या दिवशी पॉलाचा फोन आला. ती कोलंबसला राहायची आणि तिला घरातलं सगळं बापाकडून आधीच कळायचं.

"आई, त्या चौकोनांचं सोड गं. मी सांगते काय करायचं. काहीच लावू नका. तुळया, नळ सगळं उघडं ठेवा आणि वरून काळा रंग फवारा. इकडे सगळ्या हॉटेलांत असंच असतं."

"म्हणजे आत्ता आहे तसंच."

"हो, पण काळं."

"चाळीस वर्षं आम्ही फॅशनमध्ये होतो आणि एका माणसाने सांगितलं नाही," अल्बिना म्हणाली. "पोरी, काळ्या छताखाली पीठ मळलं तर धूळ पडलेली दिसायचीसुद्धा नाही. तेवढा फायदा आहे."

"मग तुला काय हवंय?"

"सपाट. पांढरं. एक रेघ नको त्याच्यावर. जिप्समच्या पाट्या मारतात ना, सांधे पुट्टीने बुजवून? तसलं. लोकांच्या घरात असतं तसलं."

"बाबांना सांग ना मग."

"सांगितलंय. तो म्हणतो, सपाट छत म्हणजे आंधळं छत."

लुईची बाजू गुरुवारी उघड झाली. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे वाजवणारी मंडळी जमायची. दोन-तीन बटणांच्या पेट्या, फ्रँकचा उभा थोरला तारांचा बास, आणि ऐकायला लुईची नव्वदीतली आत्या, तेता मिमी. तिला ऐकू कमी यायचं, पण ठेका पायाला कळतो म्हणायची. अल्बिनाने सॉसेज आणि आंबट कोबीची परात मध्ये ठेवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "फ्रँक, तू सुतार आहेस. सांग. चौकोन की सपाट?"

फ्रँकने आधी लुईकडे बघितलं, मग परातीकडे. "चौकोन लावायचे तर जाळी चार इंच खाली येते. सपाट छत तुळयांनाच चिकटतं. माझं डोकं म्हणतं सपाट. बाकी मी काही म्हणत नाही."

"तुझं डोकं महिन्यातून चार वेळा येतं इथे," लुई म्हणाला. "नळ रोज असतात. अरे, एक्केचाळीस वर्षं मी काय केलं? लोकांची सपाट छतं फोडली! चौकोन असला की कसं, ढकलला वर, बत्ती मारली, बघितलं, परत ठेवला. सपाट छतात थेंब एकीकडे दिसतो आणि गळतं दुसरीकडे. एक भोक, दुसरं भोक, तिसरं भोक..."

"तू जरा कमी भोकं पाडायचीस," तेता मिमी म्हणाली.

"आत्या, थांब. ती ग्रोव्हवुड गल्लीतली बाई आठवते? लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. नवं कोरं छत, आदल्याच आठवड्यात रंगवलेलं. मी आत गेलो, तिने माझ्या हातातली करवत बघितली, आणि ती शिडीच्या पायाशी बसूनच रडायला लागली. आवाज न करता. आणि मला कापायचं होतंच. दुसरा इलाज नव्हता." त्याने काटा खाली ठेवला. "तसले चेहरे मी शेकड्यांनी बघितलेत. लोकांना वाटतं प्लंबरला पाण्याची भीती नसते. पाण्याचं काही नाही रे. मला तो चेहरा नको असतो." मग बायकोकडे न बघता, पेटीचा पट्टा ओढत तो म्हणाला, "हिचा तसा चेहरा मला बघायचा नाही. बास."

आता हे अल्बिनाला नवीन होतं. तिला वाटत होतं, हा हट्टी आहे, फुकटच्या वस्तूला हपापलेला आहे. आणि तो होताच तसा. पण त्याच्या पोटात हे असेल असं तिला वाटलं नव्हतं. मंडळींनी पोल्काची धून चालू केली तरी ती परात हातात घेऊन उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने विचारलं, "लुई, नळात गळतं काय? नेमकं कुठलं?"

"जोड. नळ गळत नाही, जोड गळतात. कोपरे, चाव्या."

"मग छताच्या वर जोड ठेवूच नकोस."

तो हसला. असा हसला की पावाचा तुकडा नाकात जायचा राहिला. "जोड ठेवू नकोस म्हणे! अगं, तांब्याचा नळ वळायचा तर कोपरा लागतो. कोपरा आला की जोड आला. जोडाशिवाय नळ म्हणजे..." आणि तिथे तो थांबला.

जोडाशिवाय नळ होता. त्याला ठाऊक होता, सगळ्यांना ठाऊक होता. गेली कितीतरी वर्षं नवे प्लंबर तीच लवचीक प्लॅस्टिकची नळी वापरत होते, लाल गरम पाण्याची, निळी गारची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, हवी तशी वळवा. लुई तिला मॅकरोनी म्हणायचा. लुई तांब्याचा माणूस होता. तांबं कापावं, घासावं, डाग द्यावा आणि झाळलेल्या सांध्यावर ओलं फडकं फिरवून चकाकी आणावी. ही त्याची विद्या होती, आणि ती त्याने वीस पोरांना शिकवली होती. युनियनच्या सभेत तो एकदा उभा राहून म्हणाला होता, "मॅकरोनी खायची असते, घरात पुरायची नसते." टाळ्या पडल्या होत्या.

अल्बिनाला हे सगळं माहीत होतं. म्हणून तिने त्याला आणखी एक कप कॉफी दिली आणि धुणं घेऊन खाली गेली. ती वर आली तेव्हा लुई चर्चच्या रविवारच्या कागदाच्या पाठीमागे काहीतरी काढत बसला होता. ती जवळ आल्यावर त्याने कागदावर हात ठेवला.

त्या आठवड्यात लुई कोझेल दुकानात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी नवी कोरी वस्तू, दुकानदाराकडून, पावती करून घेऊन आला. लाल एक वेटोळं, निळी दोन. दुकानातला माणूस त्याला ओळखत होता. त्याने विचारलं, "लुई, हे कुणासाठी?"

"शेजाऱ्यासाठी," लुई म्हणाला.

फ्रँकने वेटोळी बघितली आणि गुरुवारी सगळ्यांना सांगितलं. मग काय विचारता! कुणी चीज आणलं, कुणी टोमॅटोचा रस्सा. "लुई, मॅकरोनी उकळलीस का? मीठ घातलंस का?" लुईने सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "झालं? आता वाजवा."

उन्हाळाभर तो खाली होता. जुने तांब्याचे नळ त्याने एकेक करून उतरवले, पुसले आणि भिंतीशी रचून ठेवले. त्याचं त्यालाच माहीत, पण काही काही सांध्यांवरून तो अंगठा फिरवायचा. भट्टीच्या कोपऱ्यात त्याने एक लाकडी पाटी मारली आणि घरातल्या प्रत्येक नळाची बंद-चालू करायची चावी तिथे आणली. तिथून निघालेली नळी थेट आपापल्या ठिकाणी जाऊनच थांबायची, मध्ये जोड नाही. चाव्यांखाली त्याने ठसठशीत अक्षरांत नावं लिहिली: गुलाबी टब, हिरवं बेसिन, शाळा, अंगण. सांडपाण्याचा लोखंडी नळ काही हलेना. त्याच्यासाठी भिंतीच्या कडेने लाकडाचा खोका करायचा ठरला, त्याला दार. अल्बिना म्हणाली, चालेल. नाही तरी प्रत्येक घरात एक कुणीतरी न हलणारं असतंच.

नळ्या जागेवर गेल्या तेव्हा त्याने त्यांच्यात पंपाने हवा भरली आणि दाब दाखवणारा काटा लावून ठेवला. आठवडाभर रोज सकाळी कॉफीच्या आधी खाली जाऊन त्या काट्यावर टिचकी मारायचा. काटा ढिम्म हलला नाही. मग पाणी सोडलं. कुठेही थेंब नाही. लुईचं तोंड थोडं उतरल्यासारखंच झालं.

"गळायला हवं होतं का तुला?" अल्बिनाने विचारलं.

"तसं नाही. पण मॅकरोनीने एवढं चांगलं वागायचं कारण नव्हतं."

ऑक्टोबरात फ्रँकने पाट्या चढवायला घेतल्या. जिप्समची पाटी म्हणजे जड प्रकरण. इंग्रजी टी अक्षरासारखे दोन टेकू करायचे, पाटी उचलायची, टेकू खाली घालायचे आणि खालून तुळयांत स्क्रू मारायचे. फ्रँकला शिडी लागत नव्हती, तो नुसता उभा राहिला की पुरे. तुळया झाकत गेल्या, जळमटं झाकली गेली, आणि जमीन जशी बर्फाने एका रात्रीत एकसारखी होते, तसं ते डोक्यावरचं जग पांढरं आणि गप्प होत गेलं. अल्बिना दिवसातून दहा वेळा काहीतरी निमित्त काढून खाली यायची.

सगळ्या पाट्या झाल्या. एक सोडून.

बोलिंगच्या टेबलाच्या बरोबर वर चार फूट बाय चार फुटांचा एक तुकडा राहिला होता. कापून तयार, भिंतीला टेकून ठेवलेला.

"हा का नाही?"

"स्क्रू बरोबर नाहीत," लुई म्हणाला. स्क्रू आले. मग हवा दमट होती. मग गुडघा दुखत होता. मग एक कडक थंडी बघू दे म्हणाला, थंडीत नळ्या आकसतात की काय कुणास ठाऊक. कडक थंडी आली आणि गेली, तलावावरून वारं येऊन कान बधिर करून गेलं, आणि तो तुकडा भिंतीलाच टेकून. मग नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला, आणि फ्रँक बंदूक घेऊन हरणाच्या शिकारीला निघून गेला. तो आठवड्याशिवाय यायचा नव्हता. पिठाच्या बायका यायला उरले दोन दिवस.

शनिवारी दुपारी अल्बिना खाली आली, तर लुई त्या भोकाखाली खुर्ची टाकून बसला होता. हातात बत्ती. वरच्या लाल-निळ्या नळ्यांवर उजेड फिरवत होता, आजारी मुलाच्या पांघरुणावरून हात फिरवतात तसा.

"लुई."

"नुसतं बघतोय."

"काय दिसतंय?"

"काही नाही. सगळं कोरडं आहे."

ती टेबलाच्या कडेवर टेकली. आता तिला सगळं कळलं होतं. हा माणूस आयुष्यभर लोकांची बंद छतं उघडत आला. उघडं छत बंद करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. ते काम नेहमी दुसरं कुणीतरी करायचं, हा निघून गेल्यावर.

"गळेल का रे?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"तू केलंयस ना?"

"मी केलंय म्हणून तर. दुसऱ्याने केलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं, गळणार."

ती हसली. मग उठली आणि शिडी ओढत आणली.

"काय करतेस? फ्रँक येऊ दे ना."

"फ्रँक हरणाच्या मागे आहे. तुझ्या गुडघ्याला शिडी चालत नाही. मी चढते. तू टेकू धर."

"अल्बिना, तू कधी स्क्रू मारलेत?"

"एकतीस वर्षं सरकारी कागदांवर शिक्के मारलेत. दाबायचं कसं ते येतं मला."

दोघांनी मिळून तुकडा टेबलावर उचलला, टेबलावरून टेकूवर घेतला. लुईने टेकू खांद्याला लावला आणि वर ढकलला. तुकडा भोकात शिरला, एका बाजूला अडला. "डावीकडे, डावीकडे! तुझ्या डावीकडे!" "माझं डावं तेच आहे, तू उलटा उभा आहेस!" मग बसला. लाल-निळ्या नळ्या दिसेनाशा झाल्या. लुईने डोळे मिटून घेतले होते, हे तिला शिडीवरून दिसलं. तिने स्क्रूचं यंत्र हातात धरलं आणि पहिला स्क्रू मारला. तो वाकडा गेला. दुसरा बरा गेला. तिसरा इतका आत गेला की पाटीच्या कागदाला खड्डा पडला.

"हळू," लुई डोळे मिटूनच म्हणाला. "आवाजावरून कळतं. सूर बदलला की थांब."

मग ती सूर ऐकायला शिकली. सोळा स्क्रू. शेवटच्या पाचांचा सूर तर अगदी बरोबर लागला. ती खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत पांढरी भुकटी होती. लुईने टेकू काढला. तुकडा पडला नाही.

दोघं वर बघत उभी राहिली. पुट्टी राहिली होती, रंग राहिला होता, तो नाताळानंतर. पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छत होतं.

"झालं," अल्बिना म्हणाली.

"हो," लुई म्हणाला. मग म्हणाला, "चांगलं दिसतंय गं," आणि वर निघून गेला. थोड्या वेळाने वर त्याची पावलं इकडून तिकडे वाजायला लागली, मुद्दाम आपटत. तिने टेबल पुसून घेतलं, जरा थांबून त्यावर हात फिरवून बघितला. हाताला धूळ लागली नाही.

सोमवारी बायका आल्या. कोट काढले, हात धुतले, ॲप्रनं बांधली, आणि मगच एकेकीचं लक्ष वर गेलं. "अगंबाई!" "केव्हा केलंत?" "कसं मोठं वाटतंय!" तेता मिमीला खुर्चीत बसवलं होतं, अक्रोड निवडायला. तिने चष्मा पुसला आणि मान वर करून बराच वेळ बघितलं.

"हे कुणी पसंत केलं?" तिने विचारलं. "लुईने?"

"मी," अल्बिना म्हणाली. तेता मिमीला ऐकू गेलं नसेल म्हणून परत, जोरात म्हणाली, "मी!"

"त्या तुकड्याचे स्क्रू दिसतायत. वाकडे आहेत."

"ते मी मारलेत."

"हं," तेता मिमी म्हणाली, आणि अक्रोडाचं एक टरफल बाजूला काढलं. "मग राहू देत. रंगवू नकोस त्याच्यावर."

पीठ फुगून परातीच्या काठाबाहेर आलं होतं. अल्बिनाने बाह्या वर सारल्या, मूठभर पीठ टेबलावर भुरभुरलं, आणि लाटणं घेतलं.